पंधरा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? (बडोदे)

मांजलपूरकर
मंडळी, घरात या विषयावर बोलून बोलून सगळे दमलेत, म्हणून आता तुम्हाला विचारतो.

वय ४७. लेक पुण्याला शिकायला गेली, घराचा हप्ता गेल्या दिवाळीत संपला. पॉलिटेक्निकला असताना खोलीतल्या मित्राने एका मासिकाचं पान फाडून कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. ऑडी टीटी, पहिली, १९९८ ची. तेव्हापासून ती गाडी डोक्यात आहे. नवी स्पोर्ट्स कार माझ्या आवाक्यात नाही आणि येणारही नाही. पण दुसऱ्या पिढीची टीटी, म्हणजे २००६ ते २०१४ मध्ये निघाली ती, आता जुन्या बाजारात एखाद्या नव्या हॅचबॅकच्या किमतीला सांगतात.

दोन गाड्या नजरेत आहेत.

(अ) दिल्ली पासिंग, २०११, पेट्रोल २.० टर्बो, ४८ हजार किमी. सांगतात ११ लाख.
(ब) आपल्याच बडोद्याची, जीजे-०६, २०१२, तेच इंजिन, ६१ हजार किमी. ९ लाख. एका डीलरकडे उभी आहे. लाल रंग, आतून इतकी लखलखीत की नवी वाटते. मालक परदेशी निघालाय म्हणून घाईत विकतोय म्हणे.

रोजची स्विफ्ट आहेच, ती जाणार नाही. बायको म्हणाली, "घे, पण गॅरेजातच पडून राहणार असेल तर अंगणातली जागा अडवू नकोस." म्हणजे परवानगी आहे.

घ्यावी का? आणि यातली कुठली?

सेवउसळ
घ्या हो काका! ४७ ला नाही तर कधी? पहिली चक्कर माझी, आत्ताच सांगून ठेवतो.

नवापुरा
मी उलट बोलणार आहे, राग मानू नका.

माझ्याकडे तीन वर्षं एक जर्मन टू-सीटर होती, छत दुमडणारी. घेतली तेव्हा तिला बारा वर्षं झाली होती. गाडी अप्रतिम होती, त्यात शंका नाही. डिसेंबरात छत उघडून पहाटे पावागढच्या रस्त्याला लागलो की आठवडाभराचा शीण उतरायचा. पण रबर म्हातारं झालं की झालंच. दुसऱ्या पावसाळ्यात छताच्या हायड्रॉलिकचा एक होज सुटला, छत अर्ध्यात अडकलं आणि मी भर पावसात अलकापुरीत रेनकोट घालून गाडी चालवत घरी आलो. तो होज यायला सात आठवडे लागले. तोवर गाडी ताडपत्रीखाली. नंतर काचेची मोटर, मग थर्मोस्टॅट. एकही बिघाड मोठा नव्हता, पण प्रत्येक वेळी सुट्या भागाची वाट पाहणं आलं.

विकली तेव्हा नव्या मालकाने चावी घेतली आणि मी घरात जाऊन बसलो, गेटपर्यंत गेलो नाही. इतका जीव लागतो. त्यामुळे पैशाचं तर बघाच, पण वाट पाहायची तयारी आहे का हे आधी स्वतःला विचारा.

दांडियाबाजार
नवापुरा यांना +१.

धागाकर्त्यांना एक सुचवतो. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारं आणि बुटकं छत एवढंच का? चालवण्याचा आनंद हवा असेल तर फियाटची पुंटो अबार्थ बघा. २०१५ ला आपल्याकडे आली, १.४ टर्बो, १४५ अश्वशक्ती, आणि बरेचसे भाग साध्या पुंटो-लिनियाचेच. नाहीतर जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती, हाताने गिअर टाकायची. चार माणसं बसतात, डिकीत लग्नाचं सामान मावतं. माझ्या भावाकडे पालिओ १.६ होती. २००१-०२ च्या त्या गाडीचं स्टिअरिंग अजून आठवतं. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला ती चव नाही.

मांजलपूरकर
@दांडियाबाजार, तुमचं डोक्याला पटतं. पण कपाटाच्या दारावर पालिओचं चित्र नव्हतं हो.

स्पॅनर१३
मी मकरपुरा जीआयडीसीत मशीन शॉप चालवतो आणि शनिवार-रविवार जर्मन गाड्यांची कामं करतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी इंजिन. या टीटीत २.० टर्बो असं एकच नाव असलं तरी इंजिनं दोन आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग बेल्टवालं (व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करवणारा पट्टा), २०० अश्वशक्तीचं. २०१० च्या फेसलिफ्टनंतर, म्हणजे त्याच गाडीत सुधारणा केल्यावर, पट्ट्याऐवजी चेनवालं, २११ अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. तुमच्या दोन्ही गाड्या दुसऱ्या प्रकारातल्या. त्या चेनचा टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, हा जगभर माहीत असलेला कच्चा दुवा आहे. टेन्शनर दमला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणजे इंजिन गेलं. म्हणून गाडी बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा, गार हवं. मग स्टार्ट मारा आणि पहिले दोन-तीन सेकंद कान द्या. डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला तर टेन्शनरचा खर्च धरूनच भाव करा. आधीच बदललेला असेल तर बिल मागा. तोंडी सांगणं धरू नका.

दुसरं, हे इंजिन तेल पितं. हजार किलोमीटरला किती टाकता, हे सहज गप्पांत विचारा. "कधीच टाकावं लागत नाही" असं उत्तर आलं तर त्याने डिपस्टिक कधी बाहेर काढलेलीच नाही असं समजा.

तिसरं, गिअरबॉक्स. सहा गिअरचा डबल क्लच, तेलात भिजलेला. ही पेटी दणकट आहे, पण दर ६० हजार किमीला तेल आणि फिल्टर बदललाच पाहिजे. आपल्याकडे लोक "सील्ड आहे, काही करावं लागत नाही" म्हणून सोडून देतात. मांडवीच्या गर्दीत गोगलगायीसारखी चालवून बघा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर होते का, रिव्हर्स टाकल्यावर उचलायला वेळ लावते का. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, असेल तर मागच्या हॅल्डेक्स क्लचचं तेल वेगळं, तेही विचारा.

चौथं, लोहचुंबक. जुनी गाडी बघायला जाताना आपण सगळेच खिशात चुंबक नेतो, पुट्टी भरली असेल तिथे चिकटत नाही म्हणून. टीटीला तो उपयोगी नाही. या गाडीचा सांगाडा सुमारे ६९ टक्के ॲल्युमिनिअमचा आणि बाकी पोलादाचा आहे. बॉनेट, पुढचे फेंडर, छत ॲल्युमिनिअमचं, दारं आणि डिकीचं झाकण लोखंडी. एक ओळखीचा माणूस फेंडरला चुंबक चिकटेना म्हणून चांगली गाडी सोडून आला होता. रंगाची जाडी मोजणारं यंत्र न्या, आणि तेही ॲल्युमिनिअमवर चालणारं.

हालोल९६
स्पॅनर१३ यांच्या चौथ्या मुद्द्याला जोडून. मी हालोलच्या कारखान्यात बॉडी शॉपला होतो, ओपल ॲस्ट्रा निघत होती तेव्हापासून. पोलाद आणि ॲल्युमिनिअम एकत्र असलेली गाडी ठोकली की साध्या डेंटरचं काम राहत नाही. दोन्ही धातू नेहमीसारखे वेल्ड होत नाहीत, रिव्हेट आणि चिकटपदार्थाने जोडलेले असतात. पोलाद घासलेल्याच ग्राइंडरने ॲल्युमिनिअम घासलं की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि वर्षभरात रंगाखालून पांढरे फोड येतात. बॉनेटच्या कडेला, फेंडरच्या ओठाला बोट फिरवा. फोड लागला तर तिथे कधीतरी चुकीच्या हाताने काम झालंय.

अवांतर: त्या ॲस्ट्राची दारं लावताना जो आवाज यायचा तो अजून कानात आहे. माझी १९९८ ची अजून चालू आहे. कार्यालयात लग्नाला गेलो की वाहनतळावर दोन-चार जण तरी येऊन विचारतात.

सेवउसळ
काका, ॲस्ट्राचा वेगळा धागा काढाच.

जर्सीकर
मूळचा रावपुऱ्याचा, २२ वर्षं न्यू जर्सीत. माझ्याकडे माझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीची, १९९२ ची, डोळ्यांसारखे दिवे उघडमीट करणारी. १.६ लिटर, वजन टनाच्या आत. ताकद फारशी नाही, पण शहरात ३० मैलांच्या वेगाने जातानाही मजा येते. तीस वर्षांपेक्षा जुनी असूनही मला परवडते याची दोन कारणं. एक, खूप गाड्या बनल्या म्हणून सगळं मिळतं. दोन, रचना साधी. माझ्या इंजिनचा टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, गाडी फक्त बंद पडते.

तिचा शत्रू गंज. कापडी छताचं पाणी वाहून जायला दारामागे नळ्या आहेत. त्या पानांनी तुंबल्या की पाणी थेट दाराखालच्या पोकळीत साचतं आणि वर्षानुवर्षं आतून खातं. मी घेतली तेव्हा वरून आरशासारखी होती. खाली स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर आत गेलं. चमक बघून गाडी घेऊ नका एवढंच सांगतो. (ब) गाडीबद्दल "आतून नवी वाटते" हे वाक्य मला टोचलं.

दांडियाबाजार
@जर्सीकर, ती माझदा इकडे पाठवता येईल का? :)

फॉर्म२९
नाही येणार. जुनी गाडी आयात करायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, वर जकात गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

आता मूळ प्रश्न. कागदपत्रांचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझी उमेदीची वर्षं आरटीओच्या रांगेत गेली आहेत.

(अ) गाडी दिल्लीची, २०११ ची. तिथे दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल यांच्यावर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) बंदी घातली, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, नंतरही त्यावर आदेश होत राहिले. म्हणून तिकडच्या गाड्या पंधराव्या वर्षाच्या तोंडावर बाहेरच्या राज्यांत येतात आणि स्वस्त दिसतात. गुजरातमध्ये त्या चालतात, पण हिशोब असा करा. आधी दिल्लीहून फॉर्म २८, म्हणजे एनओसी. मग इथे रस्ताकर नव्याने, घसारा धरून. दिल्लीचा उरलेला कर परत मागता येतो, पण पंधरा वर्षं संपत आलेल्या गाडीचा उरतोच किती? आणि २०२६ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५. इथे बनलेल्या मोटारीला २०२२ पासून ५,००० रुपये फी आहे, आयात केलेल्या मोटारीला ४०,०००. टीटी भारतात कधी बनली नाही, हंगेरीतल्या ग्योरहून तयार होऊन आली, म्हणजे ४०,००० धरा. नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. वीस वर्षांवर गेली की ऑगस्ट २०२५ च्या नियमाने आयात मोटारीला ८०,०००. हे आकडे जीएसटी सोडून.

(ब) ला एनओसी आणि नवा रस्ताकर नाही, नूतनीकरण मात्र २०२७ मध्ये येईलच. फॉर्म २९, फॉर्म ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५, झालं. पण आरसीवर किती नंबरचा मालक आहे ते बघा. आणि विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

सेवउसळ
पंधरा वर्षं झाली की व्हिंटेजमध्ये घालता येत नाही का?

फॉर्म२९
पन्नास वर्षं लागतात. २०२१ चा नियम आहे, नंबरात व्हीए अक्षरं येतात. आणि त्या गाड्या रोज चालवायला परवानगी नसते.

विश्वामित्रीकाठ
व्हिंटेजवरून आठवलं. जानेवारी २०२३ ला लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा तो मोठा मेळा भरला होता, कोण कोण गेलं होतं? मी नातवाला घेऊन गेलो. प्रत्येक गाडीशेजारी एक म्हातारा मेकॅनिक फडकं घेऊन उभा. मालकापेक्षा त्याच्याशीच बोलावंसं वाटलं. एका मेकॅनिकने नातवाला हातात फडकं दिलं आणि रेडिएटरवर हलक्या हाताने फिरवायला शिकवलं. पोरगं आता घरच्या सायकलवर तेच करतं.

अकोट्याची
मी हा धागा कालपासून वाचतेय. मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण एकच विचारते. (ब) गाडी ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात कुठे उभी होती?

आमच्या सोसायटीत त्या वेळी तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी होतं. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ती कधीच ओलांडली होती, दिवे नव्हते, पार्किंगमध्ये मगर दिसल्याचे फोन येत होते. आमची हॅचबॅक स्टिअरिंगच्या वरपर्यंत बुडाली. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून पैसे दिले आणि क्रेनने गाडी नेली. सहा महिन्यांनी माझ्या दिराने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. "एकहाती वापर, डॉक्टरांची गाडी, आतून नव्यासारखी." नंबर झाकलेला होता. पण मागच्या बंपरवर आमच्या लेकाने सायकल घासली होती, त्या ओरखड्याचा आकार इंग्रजी झेडसारखा होता. तो तसाच होता. आमचीच गाडी. आम्हा दोघांत डॉक्टर कुणी नाही.

जर्सीकरांना जे टोचलं तेच मलाही टोचलं. बारा-तेरा वर्षांच्या गाडीचं आतलं सगळं नवं का?

विश्वामित्रीकाठ
ताई, बरोबर बोललात. आणि ही गाडी तर जमिनीला टेकलेली. जिथे स्विफ्टच्या चाकाला पाणी लागतं तिथे टीटीच्या सीटखाली शिरतं.

मांजलपूरकर, हे बघा. डिकीतला गालिचा उचलून टूलकिटच्या खळग्यात हात घाला. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, ते कुणी बदलत नाही. डॅशबोर्डखाली झोपून वर टॉर्च मारा, तारांच्या जोडांवर हिरवट-पांढरं काही आहे का. एसी पूर्ण जोरात सोडून पहिला श्वास घ्या. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जाजम धुतात, सीट बदलतात, बेल्टचा गुंडाळा कुणी धूत नाही.

स्पॅनर१३
मी येतो बरोबर. रविवारी सकाळी नऊला. स्कॅनर आणतो. बिघाडाचे कोड आदल्या दिवशी पुसले असतील तरी कळतं, गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात.

मांजलपूरकर
आत्ताच आलो. सगळं लिहितो, नाहीतर झोप लागणार नाही.

गाडी खरोखर सुंदर. उन्हात लाल रंग बघून पाय थबकले. स्पॅनर१३ यांनी बॉनेटवर हात ठेवला, गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवली होती. त्यांनी स्कॅनर लावला, आठपैकी पाच चाचण्या अपूर्ण. डीलर म्हणाला, बॅटरी बदलली म्हणून. असेलही, असं मला वाटलं. मला गाडी हवीच होती, त्यामुळे सगळंच खरं वाटत होतं.

मग मी ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ओढायला लागलो. वरचा भाग काळा कुळकुळीत. ओढत गेलो. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तशी तिच्यावर आडवी एक तपकिरी रेघ होती, चहाच्या कपाचा डाग सुकतो तशी, वरची कड गडद आणि खाली फिकट. बोटाने घासली तर बोटाला पिठासारखा गाळ लागला. नाकाशी नेला. ज्यांनी त्या आठवड्यात घरातला चिखल काढलाय त्यांना तो वास सांगायला नको. आमच्याही जिन्यात चार पायऱ्या आला होता.

डीलर म्हणाला, "साहेब, ए तो धूळ छे." स्पॅनर१३ काही न बोलता सीटखालचा बोल्ट टॉर्चने दाखवत राहिले. गंजून फुगला होता.

बेल्ट सोडला, तो अर्ध्यावरच अडकला, परत आत गेलाच नाही. मी निघालो.

अकोट्याची ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

अकोट्याची
आभार कसले. आमची गाडी कुणी घेतली असेल, तो विचार मनातून जात नाही. हे एक कुटुंब तरी वाचलं.

नवापुरा
वाईट वाटलं वाचून, पण सुटलात. विद्युत वायरिंगमध्ये गाळ गेलेली गाडी वर्षा-दोन वर्षांनी एकेक करून सगळं बंद पाडते, आणि ते शोधून काढणं कुणाच्याच हाती नसतं.

फॉर्म२९
पुरावरून विम्याचं सांगून ठेवतो, सगळ्यांसाठी. साध्या सर्वंकष पॉलिसीत गाडी पाण्यात बुडाल्याचं नुकसान मिळतं. पण पाण्यात अडकलेली गाडी स्टार्ट मारून इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकलम असेल तरच, एरवी नाही. म्हणून बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका, ओढून न्या. आणि दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवर वय काहीही असो ५० टक्के. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोडकलम, इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. म्हणजे बंपर फुटला तर अर्धे पैसे तुमचे. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने हे आधीच धरावं.

दांडियाबाजार
मग (अ)? का आता अबार्थ? :)

मांजलपूरकर
(अ) च्या मालकाशी बोललो, माणूस सरळ वाटला. चासी नंबरावरून सर्व्हिसची नोंद काढून दिली त्याने. किलोमीटर खरे आहेत. पण २०१९ नंतर एकही नोंद नाही, गाडी बेसमेंटमध्ये उभी. गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नाही. टायरवर चार आकडी कोड २३१४, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. दिसायला खोल खाचा, पण रबर दगड झालेलं. त्यात फॉर्म२९ यांचा हिशोब मिळवला तर ११ चे सहज १४ होतात, तेही गाडी दिल्लीहून आणायच्या आधी.

जर्सीकर
कमी चाललेली गाडी चांगली, हा आपला जुना समज आहे. उभी गाडी जास्त बिघडते. सील सुकतात, ब्रेक गंजतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं.

स्पॅनर१३
आणि आता पंपावर ई-२० आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे टाकी भरून महिनोन्महिने उभी ठेवू नका. २०११ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेली नाही. लगेच काही होत नाही, पण इंधनाचे रबरी होज वर्षाला एकदा हात लावून बघायचे, मऊ किंवा चिकट झाले की बदलायचे. ॲव्हरेजही थोडं पडतं, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांश ऊर्जा कमी.

मांजलपूरकर, एक सांगू? माझ्याकडे एक टीटी सहा वर्षं येतेय. २०१०, फेसलिफ्टची, करडी, ८८ हजार किमी. मालक निवृत्त आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इतक्या खाली बसून उठता येत नाही. विकायचं अजून कुठे बोललेले नाहीत. टेन्शनर मी स्वतः बदललाय. पण ते साडेबारा सांगतील आणि एक रुपया कमी करणार नाहीत. पंधरा वर्षांचं नूतनीकरण मात्र त्यांनी करून ठेवलंय.

सेवउसळ
८८ हजार!! आणि साडेबारा? (ब) पेक्षा साडेतीन लाख जास्त?

हालोल९६
८८ हजार चाललेली आहे म्हणजे चालत होती. बघून या.

मांजलपूरकर (तीन महिन्यांनी)
धागा वर काढतोय, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

करडी टीटी घेतली. साडेबारालाच.

त्या काकांच्या घरी गेलो तर त्यांनी गाडी दाखवायच्या आधी एक जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. प्रत्येक बिल, तारखेप्रमाणे. काही बिलांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं: "डावीकडून टकटक, लिंक रॉड, बदलला." "पावसात पुढचा वायपर करकरतो." टायर कधी घेतले, हवा किती भरली. मी अर्धा तास नुसती ती फाइलच वाचत होतो. मग खाली गेलो. बॉनेट गार. स्टार्ट मारली, दोन सेकंद कान दिला, काही नाही, नुसता इंजिनाचा घुमणारा आवाज. बेल्ट शेवटपर्यंत ओढला. काका हसले, म्हणाले, "पूर बघताय ना? बघा. मी त्या आठवड्यात ती मुलाच्या फ्लॅटवर दुसऱ्या मजल्याच्या पार्किंगला नेऊन ठेवली होती." फेंडरवर हात फिरवला. एका जागी रंग जाड लागला, यंत्रानेही दाखवलं. फाइलीत होतं: २०१६, दगड उडाला, फक्त रंग.

व्यवहार झाल्यावर त्यांनी डिकीतून एक पांढरं फडकं काढून दिलं, "हेच वापरा, दुसऱ्याने चरे पडतात."

खर्च विचारणार म्हणून लिहितो. तीन महिन्यांत चार टायर, एक बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड आणि विमा मिळून सव्वा लाख. यातलं टायरचं काकांनीच आधी सांगितलं होतं. मी पहिल्या वर्षासाठी दोन लाख वेगळे काढून ठेवले होते, त्यातून गेले. शहरात आठ-नऊ देते, एक्स्प्रेस-वेला बारा-तेरा. सोसायटीच्या गतिरोधकावर तिरकी घालावी लागते, नाहीतर पोट घासतं. मागच्या सीटवर मोठ्या माणसाचे पाय मावत नाहीत, तिथे आता भाजीच्या पिशव्या बसतात.

डिकीवरचा स्पॉइलर १२० ला आपोआप वर येतो, पण आत बटणही आहे. संध्याकाळी गाडी धुवायला काढली की सोसायटीतली सहा-सात पोरं रांग लावतात, प्रत्येकाला एकदा बटण दाबायचं असतं. बायको मागच्या रविवारी सकाळी एकटीच घेऊन वासदच्या महीच्या पुलापर्यंत जाऊन आली. परत आल्यावर चावी माझ्या हातात दिली नाही, तिच्या पर्समध्ये ठेवली.

नवापुरा
वाचून फार बरं वाटलं. मी पुन्हा जाहिराती बघायला लागलोय, घरी सांगू नका कुणी.

सेवउसळ
काका, पहिली चक्कर माझी ठरली होती!

मांजलपूरकर
ये की रविवारी. @स्पॅनर१३, फाइलीप्रमाणे गिअरबॉक्सचं तेल ३२ हजारला बदललंय, म्हणजे पुढचं आता जवळ आलं. रविवारी दुपारी आणू का?

स्पॅनर१३
दुपारी नको. त्या पेटीचं तेल भरल्यावर पातळी बघायची असते तेव्हा तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असावं लागतं. खालच्या नळीतून जास्तीचं वाहून थेंब-थेंब व्हायला लागलं की बूच लावायचं. आपल्याकडे या दिवसांत दुपारी दोनला शॉपची फरशीच ४५ ला असते, तेल कधी गार होणार? सकाळी साडेसहाला या. गाडी रात्रीची उभी हवी, फार फिरवून आणू नका, मांजलपूरहून सरळ इकडे. साडेपाच लिटर तेल आणि फिल्टर मी मागवून ठेवतो.

सेवउसळ
मी पण साडेसहाला येतो. येताना सेवउसळ बांधून आणतो, तरी वेगळ्या पिशवीत. गाडीत खाणार नाही, शब्द देतो.